रानमोडीचा पाला

रानमोडीला कुणी चांगलं म्हटलेलं मी आमच्या भागात कधी ऐकलं नाही. पन्हाळ्याच्या उतारावर, राधानगरीच्या वाटेला, जिथं जागा मिळेल तिथं ती माजते आणि दुसरं काही उगवू देत नाही. जनावरं तिला तोंड लावत नाहीत. नावातच सगळं आलं, रान मोडणारी. असलं झुडूप मी आमच्या घरात आणलं, आणि तेही बॉटनीत एम.एस्सी. करत असताना. शिकून शहाणी झाले ती अशी.

आमचं घर उचगावात. वडील फौंड्रीत मोल्डर होते, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करायचे. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. फौंड्रीत कुणाचा हात पत्र्यानं कापला, कुणाच्या बोटावर जड काही पडलं, की डॉक्टरच्या आधी आबांना हाक जायची. आबा दगडीपाला तळहातावर चोळायचे, रस जखमेवर पिळायचे, चोथा वर ठेवून धुतलेल्या फडक्यानं बांधायचे. पैसे घ्यायचे नाहीत. पाला देताना मात्र त्यांचे दोन नियम होते आणि ते मोडले की आबा जाम भडकायचे. एक, आपला पाला आपल्या हातानं आपल्यालाच बांधायचा नाही, दुसऱ्याकडून बांधून घ्यायचा. दोन, बांधणाऱ्यानं 'दुखतंय का' असं विचारायचं नाही. विचारलं की पाल्याचा गुण जातो.

"दुखण्याला हाक मारायची नसती," ते म्हणायचे. "पावण्याला बसा म्हटल्यागत त्ये बसून ऱ्हातंय."

लहानपणी मला ह्यात काही वावगं वाटलं नाही. गुडघा फुटला की आबा न बोलता पाला बांधायचे आणि मी न रडता बांधून घ्यायची.

नव्वदच्या दशकात मी विद्यापीठात होते तेव्हा आमच्या वर्गात घानाचा एक मुलगा होता. मराठीतले त्याला 'थांब', 'झालं' आणि 'तिखट नको' एवढेच शब्द यायचे. वनस्पती गोळा करायला आमची सहल पन्हाळ्याला गेली आणि तारेच्या कुंपणानं माझी पोटरी चांगली चार बोटं फाटली. बाकीचे पाणी आण, रुमाल आण करत असताना त्यानं शेजारची रानमोडी ओरबाडली, पानं दगडावर ठेचली आणि माझ्या पायावर दाबून धरली. झोंबलं तर असं की मी त्याला मराठीतून शिव्या घातल्या. पण रक्त थांबलं. त्यांच्याकडे म्हणे शेतात कोयता लागला की लहान पोरसुद्धा आधी हाच पाला शोधतं. पाला दाबून धरल्यावर त्यानं मला इंग्रजीतून तीनदा विचारलं, दुखतंय का? ते तीनदा विचारणं मी घरी सांगितलं नाही. आबांनी मग पाल्यावर विश्वासच ठेवला नसता, आणि मला तर गोष्ट रंगवून सांगायची होती.

आबा गोष्ट ऐकून उठूनच बसले. "म्हंजी आफ्रिकेतबी आपल्यागतच हाय की!"

पुढच्या रविवारी ते एसटीनं पन्हाळ्याला गेले आणि पोतंभर रानमोडी घेऊन आले. घरामागच्या परड्यात तिची दोन रोपंही लावली. रान मोडणारी घर मोडत न्हाय, असं वर शेजाऱ्यांना ऐकवलं. दगडीपाला मागं पडला. येणाऱ्या प्रत्येकाला आबा सांगायचे, "ह्यो आफ्रिकेचा पाला. माझ्या पोरीनं शोधलाय, एम.एस्सी. करतीया ती." मी काही शोधलं नव्हतं. पण मी त्यांना कधी अडवलं नाही. मला ते ऐकायला आवडायचं, हे आता कबूल करायला हवं.

दहाएक वर्षं गेली. आई वारली, आबा कामावरून निवृत्त झाले. मी शाहूपुरीतल्या एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना बायॉलॉजी शिकवत होते. आबांना शुगर निघाली होती. गोळ्या आठवल्या तर घ्यायचे, चहा मात्र आठवणीनं गोडच प्यायचे. त्यात त्यांनी नवी कोल्हापुरी चप्पल घेतली. नवी चप्पल चावायचीच, चार दिवस सोसायचं, मग ती पायाला बसते, हे इथं प्रत्येकाला ठाऊक असतं. अंगठ्याच्या खाचेत फोड आला, फुटला. मी म्हटलं डॉक्टरला दाखवूया. आबा हसले.

"चप्पल चावली म्हणून दवाखान्यात? लोक तोंडात शेण घालतील. पाला आण."

स्वतःचा पाला स्वतःला बांधायचा नाही, तेव्हा बांधायचा मीच. रोज सकाळी क्लासला जायच्या आधी मी परड्यातली पानं तोडायची, ठेचायची, फडकं बांधायची. मग बसनं शाहूपुरीत जाऊन, फळ्यावर जिवाणूंच्या आकृत्या काढून, जखमेत पू कसा होतो हे पोरांना समजावून सांगायची. जखम वरनं मिटत चालली होती. वास यायचा, पण रानमोडीला मुळातच उग्र वास असतो. मला वाटलं तोच. आणि मी विचारलं नाही. एकदासुद्धा नाही. पंधरा दिवस त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसले आणि दुखतंय का, हे दोन शब्द तोंडातून काढले नाहीत. नियम होता म्हणून. विचारलं असतं तर ते न्हाय म्हणाले असते, आणि फाटलेली चामडी ठेचलेल्या रानमोडीनं झोंबत नाही म्हणजे काय, हे मला त्याच क्षणी कळलं असतं. ती झोंबते कशी हे मी स्वतः भोगलं होतं.

सोळाव्या दिवशी अंगठा काळा दिसला. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. त्यांनी पट्टी सोडली आणि अंगठा बोटानं दाबून बघितला.

"आजोबा, इतके दिवस दुखत नव्हतं?"

"न्हाय की!" आबा केवढ्या अभिमानानं म्हणाले. "एक दिस दुखलं न्हाय बगा. पाला भारी हाय. आफ्रिकेचा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. तुम्ही काय करता, म्हणून विचारलं. मी म्हटलं, शिकवते. काय शिकवते हे सांगायची माझी छाती झाली नाही. शुगरनं पायाची जाणीव कधीच गेली होती. मेलेल्या पायाला मी पंधरा दिवस पाला बांधत होते. आधी अंगठा काढला, आठवड्यानं घोट्याच्या वरून पाय.

घरी आल्यावर आबा मला एका शब्दानं बोलले नाहीत. मला वाटत होतं त्यांनी भांडावं, ओरडावं, फौंड्रीत ओरडायचे तसं. मी कुऱ्हाड घेऊन परड्यातली रानमोडी तोडली. पावसाळ्यात ती पुन्हा फुटली. मी पुन्हा तोडली, पुन्हा फुटली, मग नाद सोडला. माणसं पाला मागायला यायची बंद झाली होती. आबा दारात बसून रस्ता बघायचे.

वर्ष झालं असेल. एका दुपारी क्लासमधून लवकर आले तर घरात तो वास. आबांनी चांगल्या पायावर चादर ओढून घेतली होती. मी ती काढली. टाचेला फडकं बांधलेलं, अगदी नीट, माझ्यापेक्षा चांगलं.

"हे कुणी बांधलं?"

"शेजारच्या काकीनं."

"किती दिवस झाले?"

त्यांनी चादर पुन्हा टाचेवर ओढली.

"आबा, मला का सांगितलं नाहीत? मी काय शत्रू आहे तुमची?"

त्यांनी माझा हात धरला, उलटा करून तळवा बघितला, आणि लहान मुलीची समजूत काढावी तशा मऊ आवाजात म्हणाले, "पाला चांगलाच हाय गं. तुझ्या हाताला गुण न्हाय. त्याला तू तरी काय करणार?"

मी रिक्षा बघायला बाहेर गेले. त्या खेपेला आबा दवाखान्यातून परत आले नाहीत.