बाटलीनं खाल्लेली जागा

मेकॅनिकनं बायकोच्या छोट्या गाडीत वेग वाढवणाऱ्या नायट्रस गॅसची बाटली बसवली, ती अगदी जिवापाड जपून. इंजिन जळू नये म्हणून जादा पेट्रोलची सोय केली, ठिणगीचं टायमिंग मागं घेतलं, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय गॅस सुटणार नाही असं बटण लावलं.

"आता उडेल बघ!"

बायकोनं डिकी उघडली. भाजीच्या पिशव्यांची जागा बाटलीनं खाल्ली होती.

"मला कुठं मेलं उडायचंय? फिरा तुम्ही अन् तुमची बाटली!" तिनं किल्ली त्याच्या हातावर ठेवली अन् बस धरली.

बाटली त्यानं दुसऱ्याच दिवशी काढली. पण दोन वर्षं झाली, बायको काही परत गाडीत बसली नाही. बारीकसारीक सगळं तपासलं, अन् गाडी जिची तिलाच विचारायचं राहिलं, हे त्याला रोज त्या गाडीची काच पुसताना खुपतं.