कचरेवाला जोक सांगत नाही

पप्पांशी मी फारसं खोटं बोललेले नाही. जे थोडंफार बोलले त्यातलं एक मोबाइलवरच्या गेमबद्दल होतं, आणि ते खरं करायला मला पुढे दीड महिना ऑफिसात भांडावं लागलं.

मी साकीनाक्याला गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत टेस्टर आहे. खाली पत्रे कापणाऱ्यांचा गाळा, वर दुसऱ्या मजल्यावर आम्ही. टेस्टर म्हणजे काय, हे घरी समजावताना मी सांगितलं होतं, की गेम लोकांच्या हातात जायच्या आधी आम्ही तो बिघडवायचा प्रयत्न करतो, आणि बिघडला की लिहून ठेवतो. पप्पा म्हणाले, "म्हणजे लहानपणी घरात करायचीस तेच. फक्त आता लिहून ठेवायचं."

तेव्हा आमच्याकडे एका सोसायटीचा गेम तयार होत होता. आपण एक माणूस बनवायचा, त्याला फ्लॅट द्यायचा, नोकरी लावायची, लग्न करून द्यायचं आणि शेजाऱ्यांशी जमवून घ्यायला लावायचं. माणसावर बोट ठेवलं की पर्याय उघडतात: गप्पा मार, कौतुक कर, जोक सांग, भांड. 'जोक सांग' दाबलं की त्याच्या डोक्यावर फुगा येतो आणि त्यात जोक लिहिलेला असतो. समोरच्याला आवडला तर तो पोट धरून हसतो आणि त्याच्या डोक्यावर हिरवी अधिकची खूण येते. नाही आवडला तर तो हाताची घडी घालून तोंड फिरवतो आणि लाल उणे येतं. मला दिवसभर सगळ्यांना सगळ्यांशी बोलायला लावून बघायचं असे. या कामाचा इतरांना कंटाळा यायचा, मला कधीच आला नाही. मी जोक ऐकतच मोठी झाले होते.

पप्पा चौतीस वर्षं कचऱ्याच्या गाडीवर होते. सकाळी मुलुंड-घाटकोपरच्या सोसायट्या उचलायच्या, दुपारी देवनारला गाडी रिकामी करायची. घरी आले की दोन बादल्या अंगावर घ्यायचे, चहा घ्यायचे आणि मग त्या दिवशीचा किस्सा. तो ऐकायला चाळीतली माणसं आमच्या दारात पायरीवर येऊन बसायची. एकदा कुठल्याशा बिल्डिंगखाली एक बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, काय घाण वास मारते तुमची गाडी! पप्पा म्हणाले, "मॅडम, आज तुमच्यापासूनच सुरुवात केलीय. हा सगळा तुमच्याच बिल्डिंगचा आहे. पुढच्या बिल्डिंगचा यायला अजून पाच मिनिटं आहेत." हा किस्सा मी निदान पन्नास वेळा ऐकलाय आणि पन्नासही वेळा हसलेय.

निवृत्त झाल्यावर ते गप्प होत गेले. गाडीवरची गँग पांगली. इतक्या वर्षांच्या धुळीने छातीचं व्हायचं ते झालंच होतं, बोलताना दम लागायचा. दोन वाक्यांच्या जोकमध्ये तीनदा थांबावं लागलं तर त्यात काय मजा राहते! त्यांनी सांगणंच सोडून दिलं. घरात टीव्हीचा आवाज तेवढा उरला, आणि मला ते अजिबात सहन होत नव्हतं.

एका रविवारी मी घरी गेमबद्दल सांगत होते. पप्पांनी विचारलं, "तुमच्या त्या सोसायटीत कचरा कोण उचलतो?"

"आहे ना. गाडीवाला आहे."

"बोलतो का कुणाशी?"

"बोलतो म्हणजे काय, जोक सांगतो. सेक्रेटरीपण हसतो त्याच्या जोकला."

खरं तर मी त्याला तोवर तपासलंही नव्हतं. बोलून गेले. पण पप्पा कॉटवर सरळ बसले. किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर तो मिस्कीलपणा दिसला. "मग गेम आला की माझ्या फोनमध्ये घालून दे," म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्यांनी ही बातमी अख्ख्या चाळीला सांगितली होती, दम खात खात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेल्या गेल्या मी कचरेवाल्यावर बोट ठेवलं. एकच पर्याय उघडला: कचरा ने. मग मी आमचा मोठा तक्ता उघडला. त्यात उभी नावं पात्रांची, आडवी कामं, आणि ज्याला जे करता येतं तिथे टिक. बँकवाला, डॉक्टरीण, सेक्रेटरी, कॉलेजातली पोरं, सगळ्यांना 'जोक सांग'पुढे टिक होती. वॉचमनलासुद्धा एक झोपेवरचा जोक दिला होता. कचरेवाल्यापुढे रिकामं. त्याला फक्त 'हस'ला टिक होती. त्याला कुणीही कसलाही जोक सांगितला तरी तो हसायचा, दर वेळी. हाताची घडी घालायची सोय त्याला दिलेलीच नव्हती.

मी बग टाकला. बग टाकायची, म्हणजे गेममधली चूक नोंदवायची, आमची ठरलेली रीत असते: काय बिघडलंय, ते बघायला काय काय करायचं त्या पायऱ्या, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. मथळा लिहिला, 'कचरेवाला जोक सांगत नाही.' तासाभरात आमच्या टीमचं काम बघणाऱ्या लीडने तो बंद केला. शेरा: डिझाइनप्रमाणे आहे, म्हणजे मुद्दामच तसं ठेवलंय.

आमचा लीड बोरिवलीचा, माझ्याच वयाचा. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. मनाने वाईट नाही, माझ्या आईच्या आजारपणात माझं काम त्याने स्वतः केलंय. म्हणून मला जास्तच राग आला. मी बग पुन्हा उघडला आणि या वेळी पायऱ्यांमध्ये जोकच लिहून टाकला. पायरी एक, कचरेवाल्यावर बोट ठेवा. पायरी दोन, सोसायटीतल्या एका बाईंसमोर आणा. पायरी तीन, त्याने असं म्हणावं. पुढे वासाचा अख्खा किस्सा. त्याने वाचला, हसला, मला अंगठा पाठवला आणि बग बंद केला. मी दुसरा जोक घालून उघडला. त्याने बंद केला. मी तिसरा घातला. आमची बगांची यादी सगळ्यांना दिसते. पुढच्या आठवड्यापासून चित्रं काढणारे, हिशेबाला बसणारे, सगळेच सकाळी आल्यावर आधी ती यादी उघडायला लागले.

"अगं, वेड लागलंय का तुला? सोड ना आता," लीड मला चहाच्या टपरीवर म्हणाला.

"नाही सोडणार," मी म्हटलं.

मी इतकी का पेटले होते ते त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. अकरावीत असताना मी मुलुंडला मैत्रिणीच्या बिल्डिंगखाली तिघीचौघींबरोबर उभी होते. कचऱ्याची गाडी आली आणि पप्पा खाली उतरले. त्यांनी मला पाहिलं. काही गमतीचं बोलायच्या आधी त्यांची उजवी भुवई वर जायची, तशी ती गेली. मी हाताची घडी घातली आणि तिथे उभ्या असलेल्या स्कूटरकडे बघत राहिले. त्यांनी डबा ओढला, उलटा केला, आपटला आणि ते गाडीवर चढून गेले. संध्याकाळी घरी दोन बादल्या, चहा आणि भलताच कुठलातरी किस्सा. मी स्वतःची समजूत घालून घेतली, की मी तोंड फिरवलं ते त्यांना दिसलंच नसावं. या गोष्टीची लाज मला आजही वाटते.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये कंपनीच्या मॅडमनीच विषय काढला. एवढा एकच बग इतक्या वेळा का उघडतोय, असं त्यांनी विचारलं.

लीड म्हणाला, "मॅडम, माणूस दिवसभर दमून येतो आणि टाइमपास म्हणून गेम उघडतो. त्यात कचरेवाला येऊन सेक्रेटरीला जोक सांगतोय, हे रिअलिस्टिक वाटत नाही ना."

"रिअलिस्टिक?" मी म्हटलं. "आपल्या गेममध्ये लिफ्ट बंद पडली की सेक्रेटरी स्वतः पाना घेऊन दुरुस्त करतो. ते चालतं तुला? सगळ्यांना पार्किंग मिळतं. तू राहतोस तिथे मिळतं का रे?"

सगळे हसले. तोही हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "हे जोक तू कुठून आणतेस?"

दोन वर्षं डबा खाताना कुणी वडिलांचं विचारलं, तर मी "नोकरीत होते, रिटायर झाले" एवढंच सांगत आले होते. त्या दिवशी मी उभी राहिले. "माझ्या वडिलांचे आहेत," मी म्हटलं. "ते कचऱ्याच्या गाडीवर होते. चौतीस वर्षं. आमच्या चाळीत त्यांच्यासारखा जोक कुणी सांगत नाही, आणि या ऑफिसातही कुणाला जमत नाही."

 मॅडम लीडकडे वळल्या आणि म्हणाल्या, "घाला तो जोक."

लीड माझ्या टेबलापाशी आला, चेहरा पाडून. म्हणाला, "सॉरी यार, मला खरंच माहीत नव्हतं."

"सॉरी राहू दे," मी म्हटलं, "आधी टिक कर."

त्याने माझ्यासमोर तक्ता उघडला आणि टिक केली. गेम बाहेर जायला थोडेच दिवस राहिले होते, कामाची धांदल होती. कचरेवाल्यावर बोट ठेवलं की पर्याय उघडतो, फुगा येतो, जोक दिसतो, एवढं मी पाहिलं आणि खुशीत बग मिटवला. समोरचा माणूस हसतो की नाही ते पाहिलंच नाही. टेस्टर असून मी असं करावं!

गेम आला त्या रविवारी सकाळी मी तो पप्पांच्या फोनमध्ये घालून दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि फोन मांडीवर घेतला. मी कचरेवाल्याला सेक्रेटरीसमोर आणून उभा केला. "दाबा," मी म्हटलं. त्यांनी दाबलं. सेक्रेटरी म्हणतो, उद्या जरा लवकर या. कचरेवाला म्हणतो, "साहेब, उद्याचा कचरा आजच करून ठेवा, आत्ताच घेऊन जातो." पप्पांचाच जोक. त्यांच्याच शब्दांत.

सेक्रेटरीने हाताची घडी घातली आणि तोंड फिरवलं. लाल उणे.

"परत दाबा," मी म्हटलं. पुन्हा उणे. तिसऱ्यांदाही तेच. मी फोन ओढून घेतला, आम्हा टेस्टरांनाच उघडता येणारे गेमचे आतले आकडे पाहिले आणि माझं डोकंच सणकलं. गेममध्ये कुणाचंही कुणाशीही नातं शून्यापासून सुरू होतं. कचरेवाल्याचं सोसायटीतल्या प्रत्येकाशी उणे वीसपासून होतं. कुणीतरी कधीतरी तो आकडा टाकला होता, आणि उणे असलेल्या माणसाच्या जोकला कुणी हसत नाही, हा तर आमच्याच गेमचा नियम.

पप्पांनी फोन परत मागून घेतला. ते रागावले नव्हते. स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन ते त्या सेक्रेटरीकडे बघत राहिले, आणि मग त्यांची उजवी भुवई वर गेली.

"ही घडी मी पाहिलीय," ते म्हणाले. "मुलुंडला. तू अकरावीत होतीस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं त्यांना माहीत होतं.  मी विचारलं, "तेव्हा काय सांगणार होतात तुम्ही?"

त्यांनी फोन कॉटवर ठेवला आणि सांगायला घेतलं. त्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांनी डाएट धरलं होतं. इथे दम खाल्ला. बायको सगळ्या बिल्डिंगला सांगायची, आमचे हे फक्त उकडलेलं खातात. पुन्हा दम. आणि गाडीवर पप्पांना रोज त्यांच्या डब्यात वडापावचे चार कागद मिळायचे. तिसऱ्यांदा थांबले, खोकले, पाणी प्यायले. "एक दिवस साहेब स्वतः खाली आले आणि हळूच म्हणाले, बायकोला बोलू नका. मी म्हटलं, साहेब, डॉक्टर आणि कचरेवाला, दोघांनी पेशंटचं कुणाला सांगायचं नसतं. पण उद्यापासून एक वडा कमी करा."

मी हसले. रडतही होते, पण हसू खरं होतं, पोट दुखेपर्यंत. पप्पांनी माझ्या डोक्याच्या वर, हवेत, नीट निरखून पाहिलं.

"आली हिरवी खूण," ते म्हणाले.

गाडीवाल्याची सुरुवातच उण्यापासून ठेवलीय, हे मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, उणे किती. मी सांगितलं, वीस. "वीसच?" ते म्हणाले. "वीस किस्से तर माझे मुलुंडचेच निघतील."

"ते उणे तुम्ही का भरून काढायचं?" मी म्हटलं. "बाकी सगळ्यांना शून्य मिळतं फुकटात."

तरी त्यांनी मला ते वीसच्या वीस किस्से दिले. दुपारच्या जेवणापर्यंत आम्ही बसलो होतो. ते थांबत, खोकत सांगत होते आणि मी लिहून घेत होते. दारात पायरीवर तीन शेजारी येऊन बसले होते.

सोमवारी मी बग टाकला. व्हायला हवं होतं: सगळ्यांसारखं शून्य. झालं: उणे वीस. तिसऱ्या मजल्यावरचे साहेब मी पायऱ्यांमध्ये घातले. लीडने खुर्ची माझ्याकडे वळवली. "अगं, आता सांगतो ना जोक तो? आता काय राहिलं?"

"वाच," मी म्हटलं.

बग बंद करायचा तर त्याला तो आधी वाचावा लागतो. त्याने बंद केला तर मी दुसरा जोक घालून उघडेन. अजून एकोणीस आहेत माझ्याकडे.