नोगारीची जुडी

सासूबाई सकाळपासून टबाभोवती घिरट्या घालत होत्या. टबात एकच म्योंगते मासा, हातभर लांब, जिवंत. आमच्या गोजिन बंदरात हा मासा जाळ्यात यायचा थांबून किती वर्षं झाली. आता तर पकडायलाही बंदी. चुलत सासरे दोक-गू यांच्या जाळ्यात चुकून आला, नि ते झाकलेल्या बादलीतून घेऊन आले.

"वहिनी, आज दादाचं श्राद्ध. वाढा त्याला. मरताना बजावलं होतं ना त्यानं, मला रशियाचा मासा वाढू नका म्हणून?"

"सात वर्षं काय वाढलं मग मी? रशियाचाच. गुपचूप."

सासूबाई माल-सून पंच्याहत्तरीच्या. मासे साफ करण्यात जन्म गेला. पूर्वी मासा आमच्याच होड्यांतून यायचा, आता गोठलेल्या ठोकळ्यांत येतो, खोक्यावर रशियन अक्षरं. "मासा परका, आतडी तीच," म्हणत त्या सुरी चालवतात.

आज मात्र सुरी उचलत नि ठेवत होत्या. टबातलं पाणी तिसऱ्यांदा बदललं.

"आई, आत्ताच तर बदललंत!"

"पोट बघ गं याचं. गाभोळी आहे."

मग तिथंच बसल्या. "बियरबरोबर चघळतात ती वीतभर सुकी नोगारी ठाऊक आहे ना? आम्ही म्हणायचो, ती जातच वेगळी, वाढतच नाही. वीस-वीसच्या जुड्या बांधल्या मी, हजारोंनी. ह्याचीच पिल्लं होती ती. कळत नव्हतं का? कळत होतं गं. ह्याला सोडून देऊ या."

"वहिनी, एका माशानं समुद्र भरतो का?"

"रिकामा कसा झाला, भावोजी? धरा तिकडून टब."

धक्क्याच्या पायऱ्यांवरून आम्ही मासा सोडला. आधी कलंडला. मग शेपटी हलली नि दिसेनासा झाला. सासूबाई पाण्याकडे बघतच राहिल्या.

संध्याकाळी श्राद्धाच्या चौरंगावर रशियाचाच मासा मांडला, डोकं उत्तरेला करून.

"डोकं पूर्वेला हवं. विसरलात?" दोक-गू म्हणाले.

"नाही विसरले. परक्या दारी आलाय बिचारा, तोंड तरी घराकडे असू दे." मग फोटोकडे वळून मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, हा रशियाचा आहे. आधीचे सातही रशियाचेच. रागवायचं तर रागवा."

वाकून नमस्कार केला. उठता उठता माझा हात धरला.

"जरा धक्क्यावर जाऊन बघतेस? उलटा तरंगत वर तर नाही ना आला तो मासा?"