वडनेरवरून गेलेले विमान

हिंगणघाट लांब की हैद्राबाद? निघायच्या आदल्या दिवशी आईने विचारलेल्या या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही.

"बैलबंडीनं हिंगणघाटले अर्धा दिस लागते, अन् तू म्हनतं हैद्राबादले दोन घंटे. मंग लांब कोनतं व?"

मी घरातली पहिली पदवीधर. हैद्राबादच्या एका महिला परिषदेत समतेवर बोलायला मला बोलावले होते; जायचे विमानाचे तिकीटही पाठवले होते. नकाशावर दोरा ताणून मी सांगून टाकले, विमान सकाळीच आपल्या वडनेरवरून जाईल. मग काय! गेल्याच वर्षी बौद्ध झालेल्या आमच्या वस्तीने ठरवले, गावाबाहेर पांढरी धोतरे पसरायची. "आम्ही उभ्या राहू, तू वरून पाहजो," शेजारची सखूमावशी म्हणाली. वेचणीचे दिवस, कापूस फुटलेला. तरी दिवसाची मजुरी बुडवून बाया कामाला जाणार नव्हत्या.

नागपूरच्या विमानतळावर धुके होते. तिथून हैद्राबाद आकाशातून सुमारे अडीचशे मैल, प्रवास दोन तासांचा. पण थंडीत जाणार असाल तर धुक्याचा वेळही धरा. मी धरला नव्हता. विमान उडाले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते.

त्यात जागा मिळाली डावीकडे, आणि वडनेर उजवीकडे. त्या खिडकीशी कोट घातलेले एक गृहस्थ होते.

"आपण नागपूरच्या?"

"हो," मी म्हटले.

आता खिडकी मागायची तर खाली कोण उभे आहे, कोणते गाव, कोणती वस्ती, सगळेच सांगावे लागणार. जीभ उचललीच नाही.

"कोणी धोतरे वाळत घातलीत बुवा, सबंध रानभर!" खाली पाहून ते हसले. मी पदर सारखा केला.

परिषदेत टाळ्या पडल्या. हैद्राबादेत चहा उत्तम मिळतो. बाकी मला फारसे आठवत नाही. परत आगगाडीने आले. काझीपेटला गाडी बदलावी लागते, शिदोरी जवळ ठेवा. हिंगणघाटहून वडनेरला मोटार मिळते.

अंगणात सगळ्या जमल्या होत्या.

"दुपारपावतर उभ्या होतो व! दिसलो का आम्ही?" सखूमावशीने विचारले.

"नाई, मावशी. खिडकी दुसऱ्याची होती. म्या मांगतलीच नाई."

"काऊन?"

"लाज वाटली."

"कायची?" असे म्हणता म्हणता तिला समजले. ती उठून गेली. आई चुलीत काडी सारत राहिली.

दुसऱ्या दिवशी कमरेला कापसाची ओटी बांधून मी बायांच्यामागे शेतात गेले. वाळल्या बोंडांची टोके बोटांत शिरत होती.

"विमानात जरासं वाकली असती," पलीकडच्या ओळीतून एकजण म्हणाली, "तं आज इतकं वाकावं नसतं लागलं, बाई!" सगळ्या हसल्या. सखूमावशी हसली नाही.

संध्याकाळी, मजुरीसाठी कापूस तोलायच्या आधी, मी माझी ओटी सखूमावशीच्या ढिगात रिकामी केली. वेचणी संपेपर्यंत रोज एकेकीच्या ढिगात करत गेले.