आधी चेंडू की आधी पाय

मनीषा दिवसातून तीन-साडेतीनशे वेळा माणसं पडताना बघायची आणि त्याचा तिला पगार मिळायचा. रायापूरच्या घरात खिडकीशी टेबल होतं, त्यावर लॅपटॉप. फुटबॉलच्या एका व्हिडिओ गेमचे चार-चार सेकंदांचे मुके तुकडे त्यावर यायचे. एक खेळाडू चेंडू घेऊन पळतोय, दुसरा त्याच्या वाटेत घसरतो, पहिला आडवा. मनीषानं तुकडा हळू करून बघायचा, घसरणाऱ्याचा पाय आधी चेंडूला लागला की आधी समोरच्याच्या पायाला ते ठरवायचं आणि बटण दाबायचं: खेळ चालू, फाऊल, पिवळं कार्ड किंवा लाल. अशा शेकडो बायाबापड्यांच्या बटणांवरून म्हणे गेममधला पंच शहाणा होतो. नवरा विनायक बेलूरच्या कारखान्यात दिवसभर लोखंड कापायचा. बायकोच्या कामाची त्यानं थट्टा करायची नाही तर कुणी करायची?

पण या कामानं मनीषाच्या जिवाला घोर लावला. लेक नेत्रा पंधरा वर्षांची, शाळेच्या संघात बचावाला खेळणारी. मनीषाला उठता-बसता नेत्राचे घोटेच दिसायचे. सामन्याच्या सकाळी तिच्या घशाखाली चहासुद्धा उतरायचा नाही. नेत्राला मात्र ते तुकडे फार आवडत. शाळेतून आली की आईशेजारी खुर्ची ओढायची आणि आईच्या आधी निकाल सांगून मोकळी व्हायची. पंचाच्या आड कुणी आलं की मागून घातलेला पाय खपून जातो, हेही तिनंच एकदा हेरलं. लेकीची नजर बघून मनीषाला केवढं कौतुक वाटलं होतं.

त्या रविवारी हुबळीत सामना होता, अमरगोळच्या मुलींशी. पायऱ्यांवर मनीषाशेजारी त्यांच्या सात नंबरच्या मुलीची आई बसली होती. तिनं कागदातलं चुरमुऱ्यांचं गिरमिट पुढे केलं, कन्नडमध्ये गप्पा सुरू झाल्या, आणि मनीषानं थोडं मिरवतच आपलं काम सांगितलं. बाई हसली. मग आज आमच्या पंच तुम्हीच, अक्का, असं म्हणाली.

उत्तरार्धात सात नंबरची मुलगी चेंडू घेऊन सुसाट निघाली. नेत्रा मागे लागली. मनीषानं ओढणीचं टोक मुठीत धरलं. खेळाचे शिक्षक सुधींद्र सर पंच होते, पण त्यांच्या आणि चेंडूच्या मध्ये दोन मुली होत्या. नेत्रानं एकदा मान वळवली. चेंडूकडे नाही, सरांकडे बघितलं. मग मागून घसरली.

मनीषाच्या डोळ्यांनी सवयीनं ते हळू करून बघितलं. आधी पाय. चेंडूला तर ती लागलीच नव्हती. आणि मग ऊस मोडावा तसा आवाज आला. इतक्या वर्षांत तिनं हा आवाज कधी ऐकला नव्हता.

सरांनी चेंडू बाहेर गेल्याची खूण केली आणि मगच त्यांना दिसलं की मुलगी उठत नाही. तिला उचलून कुणाच्या तरी गाडीत घातलं. तिची आई पिशवी घ्यायला धावत पायऱ्यांवर आली.

"अक्का, तुम्हाला कळतं यातलं," ती म्हणाली. "पोरगी म्हणते, माझंच पाऊल वाकडं पडलं. खरं का ते?"

मैदानाच्या कडेला उभी राहून नेत्रा आईकडे बघत होती. हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. सरांनी फाऊल दिला नव्हता, कुणी काही विचारणार नव्हतं.

"फाऊल होता," ती म्हणाली. "लाल कार्डाचा. माझ्या मुलीनं केला."

बाई पिशवी उचलून गेली.

घरी निघताना नेत्रा स्कूटरवर मागे बसली. एक हात आईच्या कमरेला.

"सरांनी दिलाच नाही की फाऊल," ती नवनगरपाशी म्हणाली.

"मी दिला."

कमरेवरचा हात सुटला. मनीषाला आरशात बघायचं धाडस होईना. इतकी वर्षं ती या मुलीच्या पायांना जपत आली होती, आणि आज तिला त्याच मुलीची भीती वाटत होती. हे हिला कुणी शिकवलं, हा प्रश्न मनात आला आणि उत्तरही लगेच आलं. खुर्ची तर आपल्याच शेजारी होती.

मग मागून अगदी बारीक आवाज आला.

"आई, तुझ्या गेममध्ये सगळे उठतात की गं. पडतात आणि उठतात. ही पण उठेल ना?"

मनीषानं गाडी कडेला घेतली. मला माहीत नाही, असं तिनं सांगितलं, कारण तिला खरंच माहीत नव्हतं. मग तिनं स्कूटर हुबळीकडे वळवली, त्या मुलीला नेलं होतं त्या दवाखान्याच्या वाटेला. नेत्राचा हात पुन्हा कमरेला आला, गार पडलेला, आणि दवाखाना येईपर्यंत तो तिथंच राहिला.