कासव आत गेलं तेव्हा

बोम्मसंद्र्याला बसमधून उतरलं की नाल्याचा उग्र वास नाकात शिरतो आणि मी पुन्हा आठ वर्षांची होते, पुठ्ठ्याच्या पाठीखाली घामाघूम.

इथल्या मराठी मंडळाच्या बालनाट्यात मी कासव होते. तळं घाण केलं म्हणून सगळे प्राणी माकडाला झापत होते. कारण काय, तर त्यानं केळ्याची साल टाकली! मला राहवेना. "सालीनं तळ्यावर फेस येतो का? फेस बाबांच्या फॅक्टरीतून येतो."

पहिल्या रांगेत बाबांनी मान खाली घातली. विंगेतून नाटक बसवणाऱ्या बाई दबक्या आवाजात, कानडी मिसळून ओरडल्या, "कासवा, स्वल्प आत जा गं!" मी डोकं आत ओढलं. बाईंवरचा माझा राग कित्येक वर्षं गेला नाही.

आता शाळाशाळांत तीच गोष्ट मी सांगते. गोष्टीची पत्रकं फॅक्टरीच छापून देते, त्यांत दोषी माकडच. काल एका मुलीनं विचारलं, "अक्का, फेस कोण सोडतं?"

"आधी गोष्ट पुरी होऊ दे," मी म्हणाले.