सैल झाकणाचा करंडा

माझ्या हातच्या करंड्याचं झाकण सैल आहे, असं मला आयुष्यात एकाच बाईनं तोंडावर सांगितलं. त्या दिवसाचा हादरा अजून अंगातून गेलेला नाही.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. बारामतीत घराच्या पडवीत माझा लाकूड कातायचा चरक होता. त्यावर लाकडाचा ठोकळा चढवायचा, अक्कानं चामड्याची वादी मागं-पुढं ओढायची, की ठोकळा गरगर फिरायचा आणि मी पटाशी धरून कुंकवाचे करंडे कातायचो. अक्का माझी थोरली बहीण. विसाव्या वर्षी तिचं कपाळ पांढरं झालं आणि मोरगावकडच्या सासरच्यांनी तिला यस्टीत बसवून आमच्याकडं पाठवून दिलं. तेव्हापासून वादी तिच्या हातात. तिनं लाकडाला हात लावला तर कुणाचं काही जात नव्हतं. कुंकवाला लावायचा नाही, एवढंच.

झाकण मात्र कुंकू भरूनच तपासायचं, ही आमच्या बापाची रीत. करंडा काठोकाठ भरायचा, झाकण लावायचं आणि पांढऱ्या फडक्यावर उलटा धरून हलवायचा. एक कण पडला तरी करंडा चुलीत. रिकामा करंडा देऊ नये म्हणून ते कुंकू तसंच आत ठेवायचं. हे काम माझ्या बायकोचं, पण ती बाळंतपणाला इंदापूरला माहेरी गेलेली. आणि कोऱ्हाळ्याच्या एक बागायतदारीणबाई त्याच दिवशी सहा करंडे न्यायला येणार होत्या. लेकीचं लग्न, पाच सवाशिणींना पाच आणि नवरीला एक. "मी आल्यावर तपासतो," असं अक्काला सांगून मी पेठेत करंडे रंगवायची लाख आणायला गेलो.

परत आलो तर अक्का पडवीत पाठमोरी बसलेली. पुढं सहाही करंडे भरून, तपासून मांडलेले. हातात घासलेला पितळेचा तांब्या, आणि त्यात ती स्वतःचं तोंड बघत होती. माझी चाहूल लागून वळली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू!

"अगं, डोकं फिरलं का काय तुझं? पूस आधी! कुनी बघितलं तर तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय!" सांगायला लाज वाटते, पण ओरडलोच मी. अक्कानं काही ते पुसलं नाही.

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. बाई आत आल्या त्या थेट अक्कासमोरच. त्यांची नजर तिच्या कपाळावर गेली आणि तिथंच खिळली. सुचलं ते बोललो, "लाखेचा रंग उडालाय, काकी. चरकावरनं उडतो कवाकवा."

बाई खाली बसल्या. पदराचं टोक तांब्यातल्या पाण्यात बुडवून त्यांनी अक्काचं कपाळ पुसलं, लेकराचं पुसावं तसं. सगळं निघालं. पदराला लाल डाग पडला.

"दादा, लाख पान्यानं निघत न्हाय," बाई म्हणाल्या.

झालं, मेलो! विधवेनं कुंकू भरलेले करंडे लग्नात कोण वाटणार? उद्यापासून माझ्या दारात तरी कोण येणार? आणि अक्काला गाव जगू देणार होतं का?

बाईंनी पाच करंडे पिशवीत भरले. सहावा उघडून बघितला, झाकण परत लावलं आणि तो अक्काच्या मांडीवर ठेवला. "ह्याचं झाकान सैल हाय. ऱ्हाऊ द्या हितंच. नवरीला सासरचा येतुयाच."

आणि मी गाढव! "माझं झाकान सैल? एक कण सांडून दावा की!" असं म्हणालो. अक्कानं माझ्याकडं बघितलं, तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. बाई तोवर गाडीत बसल्या होत्या.

पुढं आम्ही त्यावर चकार शब्द काढला नाही. अक्कानं तीस वर्षं वादी ओढली. तिचं कपाळ रोज माझ्यासमोर होतं, आणि रोज कोरंच होतं.

ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत तो करंडा सापडला. झाकण इतकं घट्ट, की काढायला दोन्ही हात लागले. आत तळाचं लाकूड दिसत होतं. चिमूटभरसुद्धा कुंकू उरलं नव्हतं.